अकादमीतला वाद : सुख श्रेष्ठ की बुद्धी?

अथेन्सच्या तटाबाहेर, वायव्येला, अथेना देवीची ऑलिव्हची पवित्र झाडं असलेली एक राई होती. इ.स.पू. ३८७च्या सुमारास प्लेटोने तिथे आपली अकादमी सुरू केली. जगण्याचं परमसाध्य सुख की बुद्धी, या प्रश्नावर अकादमीतच दोन तट पडले.

सुखाची बाजू घेतली ती निडसच्या युडॉक्ससने. हा मोठा गणिती आणि खगोलज्ञ. विचारी असो वा विचारहीन, प्रत्येक जीव सुखाकडे धावतो. म्हणून सुख हेच श्रेय, असं तो म्हणे. त्याची राहणी मात्र अत्यंत संयमी. त्यामुळे तो स्वतःच्या चैनीची वकिली करत नाही हे सर्वांना पटे आणि त्याच्या शब्दाला वजन येई, असं ॲरिस्टॉटलने नोंदवलं आहे. प्लेटोचा भाचा स्प्यूसिपस या मताच्या विरुद्ध होता. दुःख वाईट आहे एवढ्यावरून सुख चांगलं ठरत नाही, असा त्याचा मुद्दा होता.

प्लेटोने उतारवयात लिहिलेल्या ‘फिलेबस’ या संवादात हाच वाद आहे. सुखाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रोटार्कसला सॉक्रेटिस विचारतो : आयुष्यभर सुखच सुख मिळालं, पण स्मृती नाही, ज्ञान नाही, तर चालेल का? काल सुख भोगलं हे आठवणार नाही, आज भोगतो आहोत हे कळणार नाही, उद्याचा अंदाज येणार नाही. ते जगणं शिंपल्यातल्या जीवाचं! प्रोटार्कस निरुत्तर होतो. पण सुखदुःखाचा स्पर्शही नसलेलं, नुसतं बुद्धीचं जीवन तरी कोणाला हवं आहे? तेही दोघांना अपुरं वाटतं.

म्हणून उत्तम जीवन हे दोहोंचं मिश्रण ठरतं. त्यात पहिला मान प्रमाणबद्धतेला, दुसरा सौंदर्य आणि सुसंगतीला, तिसरा बुद्धीला, चौथा शास्त्रं आणि कलांना. शुद्ध सुखं पाचवी : सुंदर रंग, आकार आणि स्वर यांचा, तसंच नवं शिकण्याचा आनंद.

पुढे ॲरिस्टॉटलने सुखाला कर्माशी जोडलं. उत्तम रीतीने चाललेल्या कामाला सुख पूर्णत्व देतं आणि चिंतनाचं सुख सर्वांत श्रेष्ठ, असं त्याने मांडलं. इ.स.पू. ३०६च्या सुमारास एपिक्युरस या तत्त्वज्ञाने अथेन्समध्येच ‘उद्यान’ ही आपली शाळा उभारली. त्याने सुखालाच साध्य मानलं. पण कोणतं सुख घ्यावं आणि कोणतं सोडावं, हे ठरवण्याचा अधिकार त्यानेही विवेकालाच दिला.