लेकी बोले, सुने लागे : म्हणी, नीती आणि तंटा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त पर्वत पाटिया येथे दिलेले व्याख्यान)



म्हणींवर बोलायचे ठरले तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "त्यात बोलण्यासारखे काय आहे? म्हणी सगळ्यांना पाठ असतात." त्यांचे म्हणणे खरे आहे. आपण म्हणी शाळेत शिकलो, रिकाम्या जागा भरल्या, अर्थ लिहिले आणि गुण मिळवले. परंतु म्हण उच्चारली जाते ती परीक्षेत नव्हे, तर बहुधा भांडणात. माझा आजचा विषय तोच आहे.

पर्वत पाटियापासून लिंबायत, डिंडोली, उधन्यापर्यंतचा हा टापू पाहा. तापीच्या काठाने आणि ताप्ती व्हॅली रेल्वेच्या रुळांवरून धुळे-जळगाव-नंदुरबारकडची माणसे इथल्या यंत्रमागांवर आणि कापड बाजारात आली. शेजारी सौराष्ट्रातले आले, राजस्थानातले आले. त्यांच्या म्हणी आपल्या कानांवर पडल्या, आपल्या त्यांच्या. 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणणाऱ्या आपल्या बाईला शेजारीण 'घेर घेर माटीना चूला' म्हणून उत्तर देते आणि दोघींना दुभाषा लागत नाही. कुंपणाने शेत खाल्ले की गुजरातीत 'वाड थईने चीभडां गळे'. तिथे कुंपण चिभडे गिळते. मला विचाराल तर यात गुजराती म्हण अधिक रसाळ आहे. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' म्हणणाऱ्यांच्या म्हणीत खाण्याचा पदार्थ येणारच!

कुठे कुठे मात्र फरक पडतो आणि तो बोलका असतो. आपण म्हणतो, 'बळी तो कान पिळी'. गुजराती माणूस म्हणतो, 'बळियाना बे भाग'. बलवंताला दोन वाटे. अन्याय एकच, पण आपल्या म्हणीत तो शरीरावर होतो, त्यांच्या म्हणीत वाटणीवर. पगार कापला गेलेल्या कारागिराला दोन्ही म्हणी सारख्याच लागू पडतात.

आता जरा दूर जाऊ. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात आणि शेजारच्या बेनिन देशात योरुबा भाषक राहतात. त्यांची म्हणींविषयीचीच एक म्हण आहे : म्हण हा बोलण्याचा घोडा, बोलणे हरवले तर या घोड्यावर बसून ते शोधायचे. वाद पेटला, शब्द सुचेनासा झाला किंवा सरळ बोलणे अपमानाचे ठरेल असे वाटले, म्हणजे त्यांच्यातील वडील मंडळी म्हणीचा आधार घेतात. वडिलांसमोर तरुणाला म्हण वापरायची असली तर त्याने आधी क्षमा मागावी आणि वडिलांनी त्याला आशीर्वाद द्यावा, असा त्यांचा शिष्टाचार आहे. शस्त्र बाळगायला परवाना लागतो, तसाच हा प्रकार. म्हण लागते, जखम करते, हे ज्या समाजाला पुरते ठाऊक आहे तोच असा नियम करील. त्यांची आणखी एक म्हण मला फार आवडते. पोराचा हात उंच फळीपर्यंत पोचत नाही आणि म्हाताऱ्याचा हात भोपळ्याच्या तोंडात शिरत नाही. बापलेकांच्या तंट्यात इतक्या थोड्या शब्दांत दोघांनाही आपापली जागा दाखवणारे दुसरे वाक्य मला माहीत नाही. मात्र ही म्हण बापाने उच्चारली तर ती मुलाला कामाला लावते आणि मुलाने उच्चारली तर बापाला ऐकून घ्यायला लावते.

माझा मुद्दा इथेच आहे. म्हणीतली नीती तिच्या शब्दांत पुरती सापडत नाही. ती कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी ऐकवली यात ती असते. 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीने आपल्या पूर्वजांनी हे गुपित स्वतःच सांगून टाकले आहे. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण घ्या. सगळ्यांनी मिळून विहीर खणताना ती म्हटली तर अंगावर मूठभर मांस चढते. तीच म्हण सगळ्यांनी मिळून एका घराचे पाणी तोडताना म्हटली तर? 'पाचामुखी परमेश्वर' म्हणताना ते पाच कोण, हे कोणी विचारत नाही. जात पंचायतीच्या पाचांत बाई नसे आणि ज्याच्यावर बहिष्कार घालायचा तो तर समोर उभा असे. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो त्या परमेश्वराला आवरण्यासाठीच.

'एका हाताने टाळी वाजत नाही' ही तर तंटा मिटवणाऱ्यांची लाडकी म्हण. दोन भावांच्या बांधाच्या वादात ती शहाणपणाची आहे. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला ती ऐकवली, तर तिच्या गालावर वाजलेल्या हाताला आपण टाळी म्हणतो. मी स्वतः ही म्हण अशा एका प्रसंगी आमच्याच नात्यात ऐकवली होती. ती मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती परत सासरी गेली आणि तंटा मिटला असे आम्ही सर्वांनी मानले. तो मिटला नव्हता, हे पुढे कळले. त्यानंतर ती म्हण मी तोंडातून काढलेली नाही.

या सुरतेशी आपल्या भाषेचा एक धागा जुळला आहे आणि तो प्रत्येक सभासदाला ठाऊक असावा असे मला वाटते. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून सुरतेच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात फाशी टळून शिक्षा काळ्या पाण्याची झाली. तिच्या निमित्ताने 'पुणेवैभव' पत्राने समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला उत्तर दिले. तेच १८८२ साली पुण्यात छापलेले 'स्त्रीपुरुष तुलना'. बाईची अक्कल चुलीपुरती, असे जी भाषा पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आली तिच्यातच, चुलीजवळच्या बोलीत, वाक्प्रचारांचा सडसडीत मारा करीत ताराबाईंनी एकच प्रश्न लावून धरला : जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? घोडा तोच होता; स्वार बदलला. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू उचलून धरली. पण पुस्तक विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशित केले, तेव्हा कुठे मराठी वाचकांना ते सापडले.

आपल्याकडे म्हणींचे संग्रह आहेत आणि ते मोठ्या कष्टाने झालेले आहेत. मॅनवेअरिंग या पाद्र्याने केलेला इंग्रजी अनुवादासहित संग्रह १८९९ साली ऑक्सफर्डहून निघाला. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' हे तर आपल्या भाषेचे भांडारच. अशा जुन्या संग्रहांत जातीजातींना हिणवणाऱ्या म्हणी आहेत, विधवांना अपशकुनी ठरवणाऱ्या आहेत. त्या गाळाव्यात असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बोलण्यातून त्या जाव्यात, पुस्तकात राहाव्यात. नाहीतर आपण काय काय बोलत होतो याचा पुरावाच नाहीसा होईल. माझी तक्रार निराळी आहे. या संग्रहांत म्हण असते, अर्थ असतो, परंतु ती कोणी कोणाला सुनावली हे बहुधा नसते. लेक दिसते, सून दिसत नाही.

म्हणून शताब्दीच्या वर्षात सभासदांना एक काम सुचवतो. ग्रंथपालांच्या टेबलावर आज एक कोरी वही ठेवली आहे. घरात, मार्केटात, कारखान्यात, शेजारी ऐकलेली म्हण तीत लिहा. अहिराणी असली तर अहिराणीतच लिहा, शुद्ध करू नका. गुजराती असली तरी चालेल. सांगणाऱ्याचे नाव नको. पण ती सासूने म्हटली की सुनेने, शेठने की कारागिराने, कशावरून वाद चालला होता आणि ती ऐकल्यावर समोरचे माणूस काय म्हणाले, एवढे अवश्य लिहा. ते काहीच म्हणाले नसेल, तर तेही लिहा. पहिल्या पानावर मी माझी 'टाळी' लिहून ठेवली आहे.