पेटीतला इतिहास विहारात आणा
(विहाराच्या वर्धापनदिनी गिरड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणीतली माणसं. कॉलेज पाहिलं ते बाहेरूनच. पण गिरणीत एक गोष्ट पक्की शिकलो. कापसाच्या गाठीवर मार्का असतो. तो पुसला, तर कापूस कितीही चांगला असो, कुठला आणि कोणत्या सालचा हे कोणी सांगू शकत नाही. समाजाच्या आठवणींचंही तसंच आहे.

दुसऱ्यांची वर्तमानपत्रं आपलं दुःख छापत नव्हती, म्हणून बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला. पुढे १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० ला ‘जनता’. पण वाचता येणारे होते किती? जिथे अक्षर पोचलं नाही, तिथे भीमराव कर्डकांचा जलसा पोचला, मग वामनदादा कर्डकांचं गाणं पोचलं. वामनदादा शाळा शिकले नव्हते, पण गाणी रचली हजारो. आमच्या मायबहिणींना चळवळ कळली ती गाण्यातून. आज ती गाणी सगळे म्हणतात, पण कोणाची आहेत विचारलं तर पोट्टे गप्प!

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचं पुष्कळ लेखन अप्रकाशित पडून होतं. नागपूरचे वसंत मून यांनी ते कागद वाचून, जुळवून संपादित केले आणि १९७९ साली महाराष्ट्र शासनाने पहिला खंड प्रसिद्ध केला. मात्र सगळं सरकारवर सोडून भागत नाही. खंडांसाठी कोट्यवधींचा कागद घेऊन छपाई रखडली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. उलट, बाबासाहेबांचे कपडे आणि वापरातल्या वस्तू नागपूरजवळच्या चिचोलीला वामनराव गोडबोले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी जपल्या.

बायांचा इतिहास तर याहून मागे राहिला. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली. गावोगावच्या बाया आल्या होत्या. त्यांच्यातल्या कितीजणींची नावं आपल्याला माहीत आहेत? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना शोधून काढलं, त्यांना बोलतं केलं, तेव्हा १९८९ ला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. विचारलं म्हणून त्या बोलल्या. विचारलंच नसतं तर?

आता मोबाईलकडे येऊ. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या वर्तमानपत्रांनी सुरुवातीला तिची फारशी दखल घेतली नाही. कार्यकर्ते गावात गेले, माहिती तपासली, अहवाल लिहिले. ते अहवाल आणि फोटो हातोहात, ई-मेलने फिरले आणि नोव्हेंबरात विदर्भ रस्त्यावर उतरला. त्या कागदांत गाव होतं, नाव होतं, तारीख होती. म्हणूनच त्यांना दाबता आलं नाही.

आज व्हॉट्सॲपवर काय चालतं? बाबासाहेबांच्या फोटोखाली कोणतंही वाक्य! खंड नाही, पान नाही, तारीख नाही. आता तर कॉम्प्युटरवर खोटा आवाजही तयार होतो. विरोधकाला मग सोपं जातं. एक खोटं दाखवतो आणि म्हणतो, बघा, यांचं सगळंच खोटं. म्हणून बापांनो, पुढे पाठवण्याआधी मूळ शोधा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जी पोरं समज असलेली होती, ती आज ऐंशीच्या पुढे आहेत. दर हिवाळ्यात त्यांच्यातलं कोणी ना कोणी जातं. त्यांच्यासोबत जातं ते छापलेलं कुठेच नसतं.

म्हणून वस्तीतल्या प्रत्येक घराला आमची विनंती आहे. पेटीतले जुने फोटो, मोर्च्यांची पत्रकं, भजनाच्या वह्या दिवाळीच्या सफाईत रद्दीत देऊ नका. विहारात आणा. फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल लिहा. शिकलेल्या पोरापोरींनी त्यांचे फोटो काढून ते दोन-तीन ठिकाणी ठेवावेत. एकच मोबाईल असला तर तो पाण्यात पडला की इतिहास बुडाला. मूळ वस्तू ज्याची त्याला परत द्यावी. आणि येत्या पौर्णिमेपासून दर पौर्णिमेला एका बुढीला किंवा बुढ्याला वंदनेनंतर बोलू द्यावं. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं, पण आधी त्यांची परवानगी घ्यावी.

यासाठी ना अनुदान लागतं, ना पुढारी. एक कपाट, एक रजिस्टर आणि दोन नेमाची माणसं पुरे. मार्का आपणच मारायचा आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!