लिव्हर वाचवणारा काढा: उंदराला लागू, माणसाला?

आजचा विषय तुमच्या फॅमिली ग्रुपवरचाच आहे. घरात कुणाला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की मेसेज येतो, 'गोळ्या गरम पडतात, लिव्हरसाठी भुईआवळ्याचा रस सुरू करा.' यात तथ्य किती, ते बघूया.

एक तर, भीती खोटी नाही. टीबीच्या आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या औषधांनी काही जणांच्या लिव्हरला इजा होते. जेंटामायसिन, सिस्प्लॅटिन ही औषधं किडनीला त्रास देऊ शकतात.

आणि संशोधनही झालंय. भुईआवळा, कुटकी, हळद यांचे अर्क उंदरांना दिले, मग औषधाचा मोठा डोस दिला, तर इजा कमी झालेली दिसते. पण गोम इथेच आहे.

पॅरासिटामॉलचंच बघा. नेहमीच्या डोसमधला थोडासा भाग लिव्हरमध्ये विषारी पदार्थात बदलतो. लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करतं. डोस फार झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि पेशी मरायला लागतात. आता, उंदराला अर्क बऱ्याचदा आधीच पाजलेला असतो. त्या अर्कानं विष तयार करणारं एन्झाइमच मंदावलं, तर लिव्हर वाचल्यासारखं दिसणारच. माणूस मात्र दवाखान्यात येतो तो जास्त गोळ्या पोटात गेल्यावर! तेव्हा कामी येतं एन-ॲसिटिलसिस्टिन. ते ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढतं. पहिल्या ८ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं.

मग वनस्पती बिनकामाच्या का? मुळीच नाही. मिल्क थिसलच्या बियांपासून मिळणारं सिलिबिनिन युरोपात डेथ कॅप या विषारी अळंबीच्या विषबाधेवर शिरेतून देतात. पण तिथे ते ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. दुकानातल्या पावडरीचं तसं नसतं.

उलटंही घडतं. २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. पण तो आक्षेप खरा धरला तरी प्रश्न उरतोच: पुडीत नक्की काय आहे? १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत चुकून ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती आली, आणि अनेकांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या.

मग करायचं काय? काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. भूक गेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी, पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना गाठा आणि लिव्हरची रक्ततपासणी करा. रस पिऊन आठवडाभर वाट बघू नका. आणि टीबीच्या गोळ्या आपल्या मनानं सोडून बसू नका. अर्धवट उपचारानं जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

तो मेसेज पुन्हा आला, तर हा भाग ग्रुपवर टाका. भेटूया पुढच्या भागात!