दोन यंत्रांची मोटार आणि घाटातली माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा : बदलत्या बाजारात हायब्रीड मोटार टिकेल काय? निमंत्रणाचे पत्र वाचून आम्हांला प्रथम हसूच आले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली झाले आणि उरलेले युनियनच्या कचेरीत, कोश शेजारी ठेवून. मोटार आमच्या मालकीची कधी नव्हती. परंतु मोटार चालवणारांची, दुरुस्त करणारांची आणि तिच्या टपावर बसून वीटभट्टीवर जाणारांची गाऱ्हाणी आम्ही वीसपंचवीस वर्षे ऐकत आलो आहो. त्या अधिकाराने काही बोलतो.

हायब्रीड हा शब्द महाराष्ट्रात मोटारीबरोबर आला नाही, तो ज्वारीबरोबर आला. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण निघाले आणि पुढे देशावर घरोघर हायब्रीड शब्द झाला. कणगी भरली हे शेतकऱ्याने मान्य केले. पण भाकरीला चव नाही म्हणून तो कुरकुरलाही. आणखी एक गोष्ट त्याला कळली. घरचे बी घरी राहिले नाही, ते दर वर्षी दुकानातून आणावे लागू लागले. आपण नागली-वरईची माणसे त्या अनुभवापासून जरा दूर राहिलो. पण मोटारीचा विचार करताना ती ज्वारी ध्यानात ठेवावी, असे आम्ही सुचवतो.

आता यंत्र समजून घेऊ. हायब्रीड मोटारीत पेट्रोलचे इंजिन असते, विजेची मोटर असते आणि एक लहान बॅटरी असते. गाडी सुरू होताना, हळू चालताना मोटर ओढते. वेग वाढला, चढ लागला की इंजिन मदतीला येते. चालकाने ब्रेक लावला की तीच मोटर उलटे काम करते, म्हणजे जनित्र बनते आणि एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवते. बाहेरून वीज भरावी लागत नाही. ही कल्पना नवी नाही. फेर्डिनांड पोर्शे या इंजिनियराने १९०० सालाच्या सुमारास अशी गाडी बनवली होती. बाजारात ती खऱ्या अर्थाने आणली टोयोटा कंपनीने, १९९७ साली जपानात, प्रियस या नावाने.

या जातीत एक पोटजात आहे, तिला सौम्य हायब्रीड म्हणतात. तिची मोटर इतकी दुबळी की ती एकटी गाडी ओढू शकत नाही, इंजिनाला हात देते एवढेच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. केंद्र सरकारने १ एप्रिल २०१५ पासून विजेच्या वाहनांना उत्तेजन देण्याची फेम योजना सुरू केली, तेव्हा या सोनूबाईलाही अनुदान मिळाले. दोन वर्षांनी सरकारला चूक उमगली आणि एप्रिल २०१७ पासून ते बंद झाले. पण मग कराचे पारडे दुसरीकडे झुकले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, त्यात मोठ्या हायब्रीड मोटारीवर उपकर धरून ४३ टक्के आणि बॅटरीच्या मोटारीवर १२ टक्के. पुढे ऑगस्ट २०१९ पासून हे १२ चे ५ झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर आहेत. लहान मोटारीला १८ टक्के आणि मोठीला ४०. आज मिळणाऱ्या पक्क्या हायब्रीड मोटारी चार मीटरहून लांब आहेत, तेव्हा त्या ४० मध्येच बसतात. बॅटरीची मोटार ५ मध्येच आहे, मग ती कितीही लांब असो.

इतका कर भरूनही २०२२ पासून या मोटारी आपल्या देशात खपू लागल्या. त्या वर्षी मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या बहिणी बाजारात आल्या. एका लिटरला जवळजवळ २८ किलोमीटर असा त्यांचा सरकारी चाचणीचा आकडा आहे. युरोपीय संघात २०२४ साली विकलेल्या नव्या मोटारींत, सोनूबाया धरून, सुमारे ३१ टक्के हायब्रीड होत्या, निव्वळ बॅटरीच्या सुमारे १४ टक्के. नॉर्वेत मात्र त्याच वर्षी दहापैकी जवळजवळ नऊ मोटारी बॅटरीच्या होत्या. त्या देशात पाण्यावरची वीज मुबलक आहे, आणि सरकारने वर्षानुवर्षे करात सवलत दिली. तेव्हा शहरांच्या बाजारापुरते विचाराल तर हायब्रीड अजून दहापंधरा वर्षे सुखाने टिकेल, असे आमचे मत आहे. मुंबईत, ठाण्यात जिथे घडोघडी थांबावे लागते तिथे तिचा खरा फायदा आहे. ज्याच्या घराखाली वीज भरण्याची सोय नाही, त्यालाही ती बरी.

पण आमचा प्रश्न निराळा आहे. गेल्या थंडीत मोखाड्याच्या नाक्यावर एका जीपवाल्याने आम्हांला गाठले. त्याची गाडी जुनी झालेली, दर वर्षी पासिंगला पैसे लागतात, कर्जाचा शेवटचा हप्ता नुकताच फिटलेला. तो म्हणाला, "दादा, आता गाडी बदलायची झाली. बॅटरीची घेऊ, का डिझेलचीच, का ती दोन्हींची?" चहा थंड होईपर्यंत आम्ही बोलत बसलो. या माणसाने मागे एकदा हप्ते चुकवले होते आणि कर्ज देणाऱ्यांची माणसे भर बाजारातून गाडी ओढून घेऊन गेली होती. ती सोडवून आणण्यात आम्ही आठ दिवस घालवले. तेव्हा आमच्या उत्तरावर त्याचे घर अवलंबून होते, हे आम्हांला ठाऊक होते.

आधी घाटाचे पाहू. विक्रेते सांगतात की उतारावर बॅटरी फुकट भरते. आम्ही कागदपेन्सिल घेऊन हिशेब मांडला आणि एका तंत्रनिकेतनातल्या शिक्षकांकडून तपासून घेतला. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. माणसांसह पावणेदोन टनांची मोटार इथून मनोरकडे चारशे मीटर खाली उतरली, तर त्या उताराची शक्ती दोन युनिटांहून किंचित कमी भरते. वाऱ्यात, टायरात निम्मी गेली असे धरा, तरी एक युनिट उरते. त्या जुळ्या बहिणींच्या बॅटरीत सगळे मिळून मावते पाऊण युनिट, आणि ती कधी तळापर्यंत रिकामी होत नाही. म्हणजे उतार संपण्यापूर्वीच गाडगे काठोकाठ भरते आणि बाकीचे सांडते. परतीच्या चढणीला तेच गाडगे लवकर रिकामे होते, मग सारा भार पेट्रोलवर. निव्वळ बॅटरीच्या मोटारीचा रांजण मोठा, तिला उतारावरचे सगळे मावते. पण पावसाळ्यात वीज गेली की तो रांजण भरायचा कोठून? जव्हारच्या कुटीर रुग्णालयातून अडलेल्या बाळंतिणीला रात्री नाशिकला न्यावयाचे असेल, तर तोरंगण घाटाच्या तोंडाशी बॅटरीचा काटा पाहत बसणे कोणाला परवडेल? तिथे हायब्रीडचे पारडे जड आहे. तिला तेल मिळाले की ती निघाली.

विजेचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्याच जिल्ह्यात डहाणूला कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे वीजकेंद्र आहे, आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाते. मोखाड्याच्या मध्य वैतरणा धरणाचे पाणीही मुंबईला जाते. पुढे उपनगरात बॅटरीची मोटार धूर न सोडता फिरेल, ही चांगलीच गोष्ट आहे. धूर कोठे राहिला, हेही तिच्या मालकाने कधी डहाणूला येऊन पाहावे. असो.

आता किंमत. जुळ्या बहिणींतली पक्की हायब्रीड सोळासतरा लाखांपासून मिळते आणि तीत पाच माणसे बसतात. सातआठ माणसांची इनोव्हा हायक्रॉस पंचवीस लाखांच्या आसपास. दहा माणसे आत, तांदळाची पोती टपावर आणि मागे कोंबड्यांची पाटी, असे जे वाहन आमच्या जीपवाल्याला हवे, ते हायब्रीडमध्ये कोणी बनवतच नाही. हायब्रीड बस मुंबईत आली होती. एमएमआरडीएने २०१८ साली २५ बसगाड्या घेतल्या. पण त्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेऱ्यांसाठी. एसटीने विजेची पहिली बस १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर सोडली, कारण १९४८ साली त्याच तारखेला त्याच मार्गावर एसटीची पहिली बस धावली होती. औचित्य छान साधले. घाटातल्या आगारांची पाळी अशा मुहूर्तावर येत नाही.

आमच्याकडे मोटार येते ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हातची. ठाण्याच्या साहेबाने वापरली, नाशिकच्या व्यापाऱ्याने वापरली, मग जव्हार. हायब्रीडही अशीच येईल, याविषयी आम्हांला शंका नाही. पण तिच्या बॅटरीची हमी आठ वर्षांची असते आणि आमच्याकडे गाडी पोहोचते ती नवव्या वर्षी. डिझेलच्या जीपचे इंजिन आमचा मिस्त्री चिंचेच्या झाडाखाली उतरवतो, संध्याकाळपर्यंत पुन्हा बसवतो. या मोटारीत नारिंगी रंगाच्या जाड केबली असतात, त्यांतून माणूस मारील एवढा दाब वाहतो. रीतसर शिकल्याशिवाय त्यांना हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ. बॅटरी बदलावयाची तर कंपनीच्या दारात जावे लागणार, आणि तिथली किंमत ऐकून आमचा माणूस पायी परत येणार. ज्वारीच्या बियाण्याची गोष्ट इथे पुन्हा आठवते.

तेव्हा हायब्रीड टिकेल काय, याचा निकाल पहिल्या मालकाच्या दारी लागत नाही, नवव्या वर्षानंतरच्या मालकाच्या दारी लागतो. जी मोटार जुनी होऊन कोणी घेत नाही, तिची नव्याचीही किंमत पडते. मुंबईकरांनी पद्मिनी टॅक्सी कशी वापरली ते पाहा. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघणे थांबले त्यालाही दोन दशके होऊन गेली होती, तरी शेवटची पद्मिनी रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधल्या काळात तिच्या पोटात सीएनजीही बसवून झाला. गल्लीतल्या मिस्त्रीला ती पाठ होती, हे त्याचे मोठे कारण.

कामगारांचीही बाजू सांगितली पाहिजे. बॅटरीच्या मोटारीत इंजिन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. म्हणजे ते बनवणारे हातही नकोत. हायब्रीडमध्ये दोन्ही यंत्रे असल्यामुळे ते हात काही वर्षे कामावर राहतील. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटाने राज्य सरकारशी छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्याचा करार केला, तो हायब्रीड आणि विजेच्या अशा दोन्ही मोटारींसाठी आहे. सुमारे वीस हजार कोटींची ही गोष्ट आहे. त्या कारखान्यात आपली आय.टी.आय. झालेली मुले कायम म्हणून लागतील की ठेकेदाराकडून, हे विचारण्याचे काम आमच्यासारख्यांचे आहे आणि ते आम्ही करू.

जीपवाल्याला आम्ही काय सांगितले? यंदा गाडी बदलू नकोस. इंजिनाचे काम करून घे, आणखी तीन वर्षे ती पोट भरील. तो जरा खट्टू झाला. त्याला वाटले होते, दादा नव्या गाडीचे नाव सांगतील. मग त्याने विचारले, "ती दोन्हींची गाडी इथे दुरुस्त करील असा माणूस किती वर्षांनी तयार होईल?" यावर आम्ही दोन अर्ज लिहिले आहेत. एक, इथल्या आय.टी.आय.त हायब्रीड आणि बॅटरीच्या वाहनांच्या दुरुस्तीचा वर्ग निघावा आणि त्यात चाळिशी गाठलेल्या मिस्त्रींनाही घ्यावे. दुसरा, प्रवासी वाहनाचा कर त्यात काय जळते एवढ्यावरून न ठरवता, ते किती माणसे नेते आणि कोठे नेते हेही पाहून ठरवावा. अर्जांच्या प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. सही करावयाची त्यांनी वाचून करावी. अंगठा देणारांना आम्ही स्वतः वाचून दाखवू.

मागच्या ओळीत काही जीपवाले बसले आहेत. त्यांचे प्रश्न आमच्यापेक्षा नेमके असतील. आणि मोखाड्याकडची मंडळी ज्यांच्या गाडीने परतणार, तेही तेच आहेत. तेव्हा त्यांना वेळ मिळावा म्हणून आम्ही खाली बसतो.