पोटातले जंतू आणि मामांची गोळी

आजचा विषय जरा जड आहे, पण माझ्या घरातला आहे.

मामांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला. इम्युनोथेरपी सुरू होणार, तेवढ्यात त्यांना सर्दी झाली. मी काय केलं? घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी त्यांच्या हातात ठेवली. डॉक्टर चांगलेच चिडले, "मला न विचारता का दिलंत?" आपण पडलो इंजिनिअर, कारण कळल्याशिवाय झोप लागेना. वाचायला बसलो.

आधी औषधाचं बघू. आपल्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. जपानच्या तासुकु होंजो यांच्या लॅबने तो १९९२ मध्ये शोधला. कॅन्सरच्या पेशी हाच ब्रेक दाबून धरतात आणि औषध तो सोडवतं. पण सगळ्यांना गुण येत नाही. असं का?

पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतल्या लॉरेन्स झिटव्होगेल यांच्या टीमने फुप्फुस, किडनी आणि मूत्रमार्गाच्या कॅन्सरचे २४९ रुग्ण तपासले. त्यातल्या ६९ जणांनी उपचारांच्या आसपास अँटिबायोटिक घेतलं होतं. त्यांचा आजार लवकर बळावला, आयुष्यही कमी मिळालं. हे २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं.

आता तुम्ही म्हणाल, ते लोक मुळातच जास्त आजारी असतील! बरोबर शंका. म्हणूनच उंदीर कामी आले. ज्यांना औषध लागू पडलं अशा रुग्णांच्या विष्ठेतले जंतू काही उंदरांच्या पोटात सोडले. त्यांच्यावर औषध चाललं. ज्यांना लागू पडलं नाही, त्यांचे जंतू दिलेल्या उंदरांवर चाललं नाही. मग या दुसऱ्या उंदरांना अकरमॅन्सिया नावाचा एक जंतू पाजला, आणि औषध पुन्हा काम करायला लागलं!

म्हणून लगेच प्रोबायोटिक मागवू नका हं. २०२२ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३३८ रुग्णांवरचा अभ्यास आला. अकरमॅन्सिया असलेल्यांना एकूण फायदा जास्त दिसला, पण तो प्रमाणाबाहेर असलेल्यांची अवस्था उलट वाईट होती. उंदरावर जमलं म्हणजे माणसावर जमलंच, असं नाही.

आणि उलटी चूकही करू नका. खरंच इन्फेक्शन असेल तर अँटिबायोटिक घ्यावंच लागतं, नाहीतर त्यातच जीव जाऊ शकतो. फक्त ते ठरवणार डॉक्टर, आपण नाही.

मामांचे उपचार चालू आहेत. त्या एका पट्टीने काही बिघडलं का, हे मला कधीच कळणार नाही. घरातली उरलेली पट्टी मात्र मी त्याच दिवशी टाकून दिली. तुमच्याही डब्यात एखादी असेल, आज बघाच.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!