वेगाला लगाम : वाहनाच्या की चालकाच्या?



इंझोरी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील गाव. अशा गावांत शाळा, बसथांबा आणि दुकाने बहुधा एकाच रस्त्याच्या कडेला असतात. ताशी 80 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात 22 मीटर अंतर तोडते. तेवढ्यात दप्तर सावरीत निघालेले मूल रस्त्याच्या मध्यावरही पोहोचत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून वाहन थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे.

वेगनियंत्रक, म्हणजेच चालकांच्या बोलीतील स्पीड गव्हर्नर, ठरलेल्या वेगापुढे इंजिनाचा इंधनपुरवठा आवरतो. केंद्र शासनाने एप्रिल 2015 मध्ये मोटार वाहन नियमांतील नियम 118 सुधारून ट्रक-बससारख्या परिवहन वाहनांना ताशी 80, तर डंपर, टँकर व शाळेच्या बस यांना ताशी 60 किलोमीटरची मर्यादा घातली. खाजगी मोटार आणि मोटारसायकल मात्र मोकळ्या राहिल्या. म्हणजे नियम वाहनाचा प्रकार पाहतो, चालकाचा पूर्वेतिहास पाहत नाही.

वारंवार वेगमर्यादा मोडणाऱ्यासाठी कायद्यात तरतूद नाही असे नव्हे. कलम 183 मधील 2019 च्या दुरुस्तीनुसार हलक्या वाहनास 1,000 ते 2,000 रुपये, तर मध्यम व अवजड वाहनास 2,000 ते 4,000 रुपये दंड आहे. दुसऱ्या अपराधास अनुज्ञप्तीही जप्त होऊ शकते. परंतु सधन माणूस दंड भरून त्याच वेगाने निघतो, आणि अनुज्ञप्ती खिशात नसली म्हणून गाडी काही थांबत नाही. अमेरिकेच्या राजधानीत 2024 मध्ये आणि व्हर्जिनिया राज्यात 2025 मध्ये अशा अपराध्यांच्या गाडीलाच वेगनियंत्रक बसविण्याचे कायदे झाले, ते याच अनुभवातून.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. कॅमेऱ्याने टिपलेले चलान वाहनाच्या क्रमांकावर, म्हणजे मालकाच्या नावे निघते. गाडी पुतण्या चालवीत होता की पगारी ड्रायव्हर, हे त्यातून कळत नाही. अपराधी निश्चित झाल्यावाचून उपकरण कोणाच्या गाडीला बसवावयाचे? आणि योग्यता प्रमाणपत्र मिळताच उपकरणाची तार सोडविली गेली, तर बसविल्याचा उपयोग तो काय? तेव्हा तपासणीत उपकरण नुसते डोळ्यांनी न पाहता वाहन चालवून पाहणे आवश्यक ठरते.

तोपर्यंत पंचायत सदस्यांच्या हाती एक मार्ग आहे. कलम 112 अन्वये राज्य शासनास ठराविक क्षेत्रात कमी वेगमर्यादा लावता येते. शाळेपुढील रस्त्यासाठी ग्रामसभेने तसा ठराव करून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावा. सोबत शाळा सुटण्याची वेळही लिहावी.