उद्याचा गठ्ठा

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'विद्यार्थी, शिक्षक आणि वेळेचे व्यवस्थापन' असा विषय आपण मला दिला आहे. निमंत्रण येऊन महिना लोटला. टिपणे काढावयास मी बसलो तो परवाच्या रात्री. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्या बाजूने प्राप्त झाला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

व्यवस्थापन म्हटले की वेळापत्रक डोळ्यांपुढे येते. परंतु इतकी वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्या मुलाचा अभ्यास मागे पडतो त्याच्याकडे वेळापत्रक बहुधा असतेच. किंबहुना ते इतरांपेक्षा अधिक देखणे असते. चार रंगांच्या पेनांनी आखलेले, पट्टीने चौकटी काढलेले, टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेले. ते रंगवण्यात रविवारची सकाळ सरते आणि भूमितीचे प्रमेय जागच्या जागी राहते. अशा मुलाला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. वस्तुतः आळशी मनुष्य काही न करता सुखाने पडून राहतो. चालढकल करणारा मात्र सतत काहीतरी करीत असतो. फक्त जे करावयाचे तेवढे सोडून! तो कपाट आवरील, वह्यांना कव्हरे घालील, मित्राला फोन करून 'तुझा किती झाला?' असे विचारील. त्याला वेळ कमी पडत नाही. त्या एका कामासमोर बसणे त्याला नकोसे वाटते, कारण बसले की आपल्याला ते येत नाही हे उघडे पडणार, ही धास्ती मनात असते.

ही टाळाटाळ काही काळ सुखाची असते, हेही मान्य केले पाहिजे. डायान टाइस आणि रॉय बॉमिस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सत्राच्या आरंभी दिरंगाई करणारे विद्यार्थी इतरांपेक्षा कमी तणावात होते, त्यांच्या प्रकृतीच्या तक्रारीही कमी होत्या. सत्र संपत आले तेव्हा चित्र उलटले. तणाव वाढला, आजारपणे वाढली आणि गुणही कमी मिळाले. एकूण हिशेब तोट्याचाच होता. मात्र आरंभीचे ते सुख खरे असल्यामुळे केवळ उपदेशाने ही सवय सुटत नाही. मुलाने अनुभव घेतलेला असतो, आपण त्याला सुविचार ऐकवीत असतो.

परंतु मला आज मुलांविषयी कमी आणि आपल्याविषयी अधिक बोलावयाचे आहे.

१९८२ सालची गोष्ट. मी मुंबईत गिरणगावातील एका शाळेत नवखा शिक्षक होतो. जानेवारीत सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप चिघळत चालला होता. माझ्या नववीच्या वर्गात बासष्ट मुले होती आणि बहुतेकांच्या घरी पगार बंद होता. गणपतीनंतर मी मुलांना निबंध लिहावयास सांगितला, विषय दिला 'माझे घर'. वह्या गोळा केल्या आणि बासष्ट वह्यांचा तो गठ्ठा घरी कपाटावर ठेवला. तो सहामाही परीक्षेपर्यंत तेथेच राहिला, पुढे दिवाळीच्या सुट्टीतही राहिला. आपण म्हणाल, हा तरुण मास्तर काय करीत होता? मी रोज रात्री अकरापर्यंत जागत होतो. उत्तम टाचण काढीत होतो, तक्ते रंगवीत होतो. वह्यांकडे लक्ष गेले की मनाशी म्हणत असे, 'उद्या बसून सगळ्या एकदम तपासून टाकू.' या 'एकदम' शब्दाने माझा घात केला. बासष्ट निबंध एकदम तपासता येतील अशी रात्र कोणत्याही शिक्षकाच्या आयुष्यात येत नसते.

सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मी गठ्ठा सोडला. चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या वहीत एका मुलाने लिहिले होते, 'आमचे मुंबईचे घर आता थोड्याच दिवसांचे आहे. दिवाळीला आम्ही गावी जाणार. बाबा म्हणतात, परत येणे जमणार नाही. सरांनी सांगितले तर बाबा कदाचित मला मामाकडे ठेवतील.' मुलगा हुशार होता. त्याने ते निबंधात लिहिले, कारण तोंडाने सांगण्याचे धैर्य त्याला झाले नसावे. मी वर्गात गेलो तेव्हा त्याचा बाक रिकामा होता. शाळेच्या दप्तरातून पत्ता घेऊन मी दोन पत्रे पाठवली. उत्तर आले नाही.

त्या वडिलांनी माझे ऐकले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही. ती वही मी वेळेवर उघडली नाही, एवढेच मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी एक साधा नियम केला. वह्या आल्या की रोज सात. पाहुणे असोत वा प्रवास असो, सात. बासष्टांचा वर्ग नऊ दिवसांत संपतो. सात वह्यांची भीती वाटत नाही, हेच त्यातील मर्म आहे. भारतरत्न डॉ. पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा १९६२ साली. एकूण पाने साडेसहा हजारांच्या घरात. ती या बत्तीस वर्षांवर भागली तर दिवसाला अर्ध्या पानाच्या आसपास येतात! हे गणित माझे, त्यांच्या लेखनाचा नियम नव्हे. पण मूळ संकल्प 'व्यवहारमयूख' या ग्रंथाला प्रस्तावना जोडण्याचा होता आणि मुंबईत वकिलीचा व्यवसाय सांभाळून हे काम चालले होते, हे लक्षात घ्यावे. साडेसहा हजार पाने लिहावयाची असे ठरवून ते बसले असते तर कदाचित तेही कपाट आवरीत राहिले असते.

जनगणना, निवडणूक, निरनिराळी माहितीपत्रके यांत शिक्षकाचे दिवस जातात, ही तक्रार खरी आहे आणि तिला मी चालढकल म्हणणार नाही. परंतु प्रयोगवहीचे काय? वर्षभर कोरी राहिलेली प्रयोगवही फेब्रुवारीत दोन रात्रींत उतरवली जाते आणि आपण एका बैठकीत तिच्यावर सह्या करतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील सबमिशनची रात्र याच वहीचे मोठे भावंड होय. सूचनाफलकावर अंतिम तारीख पंधरा लिहिलेली असते आणि ती बावीसपर्यंत वाढणार हे शिपायापासून सर्वांना ठाऊक असते. तारीख ही गोष्ट खोटी असते, हा पाठ मुलांना आपणच देतो. तो त्यांना पहिल्याच वर्षी पाठ होतो.

पालकांना एक विनंती. मोबाईल काढून घेतल्याने काम होत नाही. आमच्या वेळी मोबाईल नव्हता, कॅरम होता. 'अभ्यासाला बस' असे दहा वेळा म्हणण्याऐवजी एकदा शेजारी बसून 'कुठे अडले आहे?' असे विचारावे. बहुधा अडलेले ठिकाण लहानसे असते, आणि ते सांगताना मुलगा मान खाली घालतो. तेव्हा रागावू नये. कॅनडातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आम्हा शिक्षकांना पचावयास जड आहे. पहिल्या परीक्षेच्या वेळी झालेल्या दिरंगाईबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीत कमी दिरंगाई केली. कारण समजण्यासारखे आहे. पुस्तक उघडताच अपराधाची बोचणी होत असेल तर पुस्तक उघडावेसेच वाटत नाही. शिस्त सैल करा असा याचा अर्थ नव्हे. तारीख पाळली गेलीच पाहिजे. पण चुकलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीपासून आरंभ करता आला पाहिजे.

संयोजकांनी मला पाऊण तास दिला होता. त्यातील पंधरा मिनिटे मी मुद्दाम राखून ठेवली आहेत. मागील रांगेतील शिक्षिका मघापासून हात वर करीत आहेत. त्यांनी प्रथम विचारावे.